सासूबाईंच्या मागे दोन पावलं

दारव्हा, ११ फेब्रुवारी

ती. प्रेरणाताईस,

मंजुषाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (खरं काय ते लिही. "बरा आहे" हे आपल्या माहेरी उत्तर धरत नाहीत.) भाऊजींना नमस्कार सांग. इकडे सगळे ठीक आहेत. 'सगळे' म्हणताना त्यात मी येते की नाही, यावर काल डायरीचं अर्धं पान गेलं आणि निकाल लागला नाही, म्हणून तो शब्द तसाच राहू देते.

माझ्या स्क्लेरोडर्माचं तुला ठाऊकच आहे. चार वर्षं झाली, कातडी ताठ होत चालली आहे आणि थंड पाण्यात हात घातला की बोटं आधी खडूसारखी पांढरी, मग जांभळी. यवतमाळचे डॉक्टर सांगतात, की या आजारात हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला दाब गुपचूप वाढू शकतो आणि माणसाला जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून तक्रार नसली तरी वर्षातून एकदा हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, काढायचा आणि सहा मिनिटं चालून दाखवायचं. मला तक्रार नव्हतीच. (गच्चीच्या जिन्यात मी मध्येच थांबते, पण ते शेजारणीचे पापड वाळले का हे पाहायला. निदान डायरीत तरी तसं लिहिलं आहे.) मंगळवारी ह्यांना कॉलेजात परीक्षेचं काम होतं, म्हणून सोबतीला सासूबाई आल्या. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे मूळचे, शेताच्या बांधावरून अजून माझ्या आधी घरी पोचतात.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तीस मीटरवर दोन खुर्च्या मांडलेल्या. एकीला वळसा घालून दुसरीकडे, असं सहा मिनिटं, जमेल तितकं भरभर, आणि बोलायचं नाही. माझ्या गार बोटावर ऑक्सिजनचा चिमटा काही आकडा दाखवीना. चाचणी घेणाऱ्या नयन मॅडमनी तो आधी स्वतःच्या बोटाला लावून पाहिला (तिथे अठ्ठ्याण्णव), मग माझ्या कपाळाला ऑक्सिजन मोजणारी वेगळी पट्टी बांधली. सासूबाईंनी विचारलं, "हिचं डोस्कं दुखून राह्यलं काय?" मी चालायला लागले तशा त्या उठल्याच. "एकलीले काहून फिरवून राह्यले? म्या येतो सोबत." मॅडम म्हणाल्या, "आजी, तुम्ही बसा." आजी बसतात होय! मला बोलायची बंदी, त्यामुळे समजावणार कशी? शिवाय त्या पुढे आणि मी दोन पावलं मागे, हे आमचं ठरलेलं. तिसऱ्या फेरीला मागे वळून त्या म्हणाल्या, "बोलत काहून नाई वो? रुसली काय?" पाचव्या फेरीला त्या समोरून परत येताना भेटल्या.

तीनशे बारा मीटर. मॅडमनी आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी घाईघाईनं खुलासा केला, की आमच्याकडे सासूच्या पुढे चालायची पद्धत नाही, सबब हा आकडा आदराचा आहे, फुप्फुसाचा नाही. (हे बोलताना मला मध्ये दोनदा थांबावं लागलं, हे प्रामाणिकपणे नमूद करते.) त्या हसल्या नाहीत. अर्धा तास बसवलं, सासूबाईंना चहा देऊन आतल्या खोलीत बसवलं आणि मला पुन्हा एकटीला चालवलं. पुढे कोणी नव्हतं. दोनशे अठ्ठ्याण्णव.

घरी येऊन डायरी चाळली. दिवाळीपूर्वी मी बाजारातून पिशव्या घेऊन सासूबाईंच्या पुढे तरातरा यायची आणि "थोडी थांबत जाय वो" असं ऐकायची. भाऊबीजेच्या पानावर मात्र लिहिलंय : 'आज सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, सून आता मान देऊन राह्यली. बरं वाटलं.' ताई, मी ते कौतुक तीन महिने घेतलं. मला खरंच माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं? यावर दोन पानं झाली आहेत.

इकोतही दाब थोडा वाढलेला दिसतो. डॉक्टर म्हणाले, अजून नक्की काही नाही. असेलच तर लवकर सापडलं, औषधं आहेत. बसमध्ये दिग्रसच्या फाट्याशी सासूबाई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मले वाटे तू मान ठेवून राह्यली. सांगाचं नाई काय बाई? म्या हळू चालली असती."

बाकी काळजीचं कारण नाही.

तुझी,
मंजुषा

ता. क. नक्की काय ते कळायला २४ तारखेला नागपूरला मानेतल्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घालून दाब मोजणार आहेत. संमतीपत्रावर घरच्यांची सही लागते. हे काहीही न वाचता सही करतात, अगदी लग्नाच्या रजिस्टरवरसुद्धा केली होती. तू ओळ न् ओळ वाचतेस. सकाळी आठला तिथे दवाखान्यात ये.

ता. क. २ सासूबाईही येणारच म्हणतात. येऊ देत. पण आत नेईपर्यंत माझ्याजवळ तूच थांब आणि त्यांना चहाला पाठव. त्यांच्यासमोर मला रडता येत नाही.