जमीन चढली म्हणे केरबाची

तर आक्का, सगळ्यात आधी आला तो केरबा. मॅडमची जीप थांबायच्या आत हा आमच्या अंगणात, जणू पाहुण्या त्याच्याच! (तुला आणि दाजींना वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मिरजेत पावलापावलाला दवाखाना, आणि तू घरी एरंडेल चोळत बसतेस.) रागात लिहिते आहे, अक्षर समजून घे. फोनच केला असता, पण केरबाची भिंत आमच्या भिंतीला लागून, आणि त्याचे कान भिंतीला लागून.

पाहुण्या म्हणजे साताऱ्याच्या कॉलेजातल्या चारुशीला मॅडम आणि त्यांच्या चार पोरी. भूकंपाचे हादरे टिपणारं यंत्र बसवायला त्यांना आमचं परस हवं होतं. म्हटलं, बसवा, पण आधी हादरा होतो कसा ते सांगा. तिसरी शिकलेल्या म्हातारीनं असं विचारलं याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी माझी काठवटच मागितली. तळाला ज्वारीचं पीठ, त्यावर नाचणीचं, वर तांदळाचं, पाणी शिंपडून थापलं आणि एका बाजूनं पाटानं रेटायला लागल्या. पीठ आधी फुगलं, मग तिरकी चीर पडली आणि आक्का, एक बाजू चक्क दुसरीच्या डोक्यावर चढली! सुरीनं कापून दाखवलं तर तळाची ज्वारी तांदळाच्या वर बसलेली. जमिनीच्या पोटात दोन्हीकडून रेटा आला की खडक असाच तुटतो आणि जुना थर नव्यावर चढतो म्हणे. हिमालयाकडं हेच चाललंय, वर्षाला दोन बोटं. अडकून बसलेला खडक एकदम सुटला की तो हादरा. मला सगळं कळलं! (तिन्ही पिठं एक झाली म्हणून जीव जळला, पण त्याची थालीपिठं बेस झाली. मॅडमनी तीन खाल्ली.)

एवढ्यात हा केरबा म्हणतो, "बघा काकू, मी सांगत न्हवतो? बांधाचा दगड आमी न्हाई सरकवला. आमची जमीनच तुमच्यावर चढली!"

माझ्या अंगाची नुसती आग झाली. गेल्या उन्हाळ्यात यानं दगड दोन हात आत रेटला, माझा शेवगा त्याच्या हद्दीत गेला, वर्षभर शेंगांची आमटी त्याच्या घरात शिजते आणि वास माझ्या घरात येतो. आणि आता म्हणे जमीन चढली! म्हटलं, "चढली तर उंच का न्हाई झाली रं? तुझं वावर बोटभर तरी वर आलंय का? हिमालय वरसाला दोन बोटं सरकतो, आणि तू एका उन्हाळ्यात दोन हात? हिमालयापेक्षा तुलाच घाई झालीय व्हय?" मॅडमही म्हणाल्या, आपल्याकडचा काळा पत्थर लाव्ह्याचा, थरावर थर निवलेला, इथं असं काही चढलेलं नाही. पोरी टाळ्या पिटायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, आजी, माझ्या वर्गावर या. (यांच्या फोटोला मी हे दोनदा सांगितलं.)

पण केरबा कसला गप्प बसतोय! म्हणाला, मग मोजाच. मीही तावातावानं म्हटलं, मोजाच! मॅडम बिचाऱ्या लगेच तयार. यंत्र बसवायला येताना जुना नकाशा आणतील, जागा मोजायचं यंत्रही आणतील, आणि दगड मुळात कुठं होता ते दाखवून देतील.

थांबते. नातवंडांच्या गालावरून माझा हात फिरव.

तुझी धाकटी,
बनू

ता. क. पुढचं दाजींना हळू आवाजात वाचून दाखव. तीन वर्षांमागं सूनबाईनं आणि मी पहार लावून तो दगड हातभर केरबाकडं सरकवला होता. (शेवगा पलीकडं उगवला, यात माझा काय दोष?) जुन्या मोजणीच्या वेळी दाजी बांधावर उभे होते. खरी जागा त्यांनाच ठाऊक. त्यांना बुधवारी सकाळच्या एसटीत बसवून दे.

आणखी एक ता. क. आत्ताच केरबा येऊन गेला. खरी जागा त्यालाही आठवत नाही. दाजी आले की पहार मी आणतो, रातोरात दगड जागेवर बसवू म्हणाला. शेंगा निम्म्या निम्म्या ठरल्या. मॅडम गुरुवारी येणार आहेत.