शुक्रवारपर्यंतची आंघोळ

१८ ऑगस्ट
पोरगी झाली त्याच दिवशी लिहायला सुरुवात करणार होतो. पेन आणायला निघालो, वाटेत दोस्त कार्तिक भेटला, तो बुलेट विकतोय म्हणाला, ती बघायला गेलो. मध्ये पोरीचं बारसंही उरकलं. असो. देवनागरीत लिहितोय, घरात सगळे तमिळच वाचणारे, हे कुणाला वाचता येत नाही. पुण्यात भटकल्याचा एवढा तरी फायदा.

बाळंतीण माहेरी जाते, पण विनुताला मी जाऊ दिलं नाही. ओरत्तनाडूला, तिच्या माहेरी, सासूबाईंना ठणकावून सांगितलं, मी आहे. आता न्हाऊ घालणाऱ्या पाट्टी, म्हणजे आजीबाई, त्यांच्या लेकीकडे निघून गेल्या. बरंच झालं. उद्यापासून मी. तंजावरच्या आपल्या मराठी लोकांत असं करणारा मी पहिला पुरुष. विनुता म्हणाली, पहिला नाही. झोपेत होती बिचारी.

१९ ऑगस्ट, सकाळ
पाय पसरून पाटावर बसलो, पोरीला पायांवर घेतलं. तेल जरा जास्त झालं. ती सटकायला लागली तशी विनुतानं उचलून घेतली, आणि पाणी माझ्यावर पडलं. एकूण यशस्वी. कुणाची तरी आंघोळ झालीच.

विनुताचं म्हणणं, शुक्रवारचं न्हाणं धड झालं नाही तर ती पोरीला घेऊन ओरत्तनाडूला जाणार. चॅलेंज स्वीकारलं.

२१ ऑगस्ट
धुरीसाठी सांब्राणी आणायला निघालो. तिरुवैयारुला कावेरी भरून वाहतेय म्हणे, म्हणून नुसतं डोकावलो. संध्याकाळ झाली. सांब्राणी राहिली.

विनुतानं आवराआवर सुरू केलीय. पलंगावर बॅग उघडी. झबली, दुपटी, तिच्या साड्या. गेली की सहा महिने तरी येत नाही. पोरीच्या रडण्याशिवाय मला झोप लागेल का, असला प्रश्न मला पडलेला नाही. पडला तरी लिहिणार नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
आज दाखवतोच. पाणी तापलंय, पाट मांडलाय, फोनवर व्हिडिओ लावून ठेवलाय. विनुतानं काल माहेरी फोन केला होता. सासूबाई आल्या तर दारातच सांगणार, या घराला कुणाची गरज नाही. आरशासमोर म्हणून बघितलं. आवाज चांगला लागला.

थोड्या वेळानं
दाराशी ऑटो. सासूबाई नाहीत. सासरे आलेत. तुळजाजी, कोर्टातले रिटायर्ड शिरस्तेदार, लग्नात माझ्याशी फक्त जी.एस.टी.वर बोललेले. हातात सांब्राणीची पुडी. वेष्टी, म्हणजे इथलं धोतर, गुडघ्यापर्यंत खोचून, पाय पसरून, माझ्याच पाटावर बसलेत. म्हणतायत, विनुताला मीच न्हाऊ घालायचो, आणा नातीला. आणि विचारतायत, तो पहिला पुरुष कुठं लपलाय.