आईच्या मापाची अक्षरं

११ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा फसलं! अक्षर मोठं केलं की मात्रा तुटून शेजारी पडतात. घशाच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज गेला, तेव्हा मीच तिला माझ्याकडे आणलं. तिला लिहून बोलता यावं म्हणून लॅपटॉपवर हा प्रोग्राम लिहितेय. बारीक अक्षर तिला दिसत नाही. पाटी दिली तर बाजूला सारते – हात थरथरतो, तसलं अक्षर तिला खपत नाही.

भावाचा, धनराजचा फोन. "ताई, आईचं भद्रावतीचं घर भाड्यानं देऊन राह्यलो. सोमवारी लोकं येतीन."

"तिले विचारलं का?"

"विचारलं ना! मान हलवली तिनं."

मान ती चहा हवा का म्हटलं तरी हलवते, नको का म्हटलं तरी हलवते!

१२ नोव्हेंबर

मी शिकवते तो कॉम्प्युटर क्लास सुटल्यावर चूक सापडली. मजकूर जिच्यात टाइप होतो ती चौकट म्हणजे विंडोजची रिच एडिट. माझा प्रोग्राम सवयीनं तिची जुनी आवृत्ती बोलावतो. नवी, ४.१, याच लॅपटॉपमध्ये मुकाट बसून आहे – कोणी हाकच मारली नाही.

१४ नोव्हेंबर

जमलं! चौकट तयार व्हायच्या आधी नव्या आवृत्तीची फाइल उघडायची, मग तिच्या नावानं चौकट मागायची. चार ओळी – आणि एवढी दमछाक! पण काय सुरेख! 'के' वाटीएवढा, मात्रा जागच्या जागी. मी टाळ्याच वाजवल्या. शेजारची सोनीबाई दारातून, "काऊन वो, लॉटरी लागली का?"

१५ नोव्हेंबर, शनिवार

आईला बसवलं. कचेरीत जन्मभर मराठी टाइपरायटर बडवलेली बाई! कळांची मांडणी तीच ठेवली. बोटं आधी बिचकली, मग पळायलाच लागली. ओळ संपली की टाइपरायटरचा दांडा सरकवायला डावा हात वर जातो – लॅपटॉपला फाडकन चापट! दोघी पोट धरून हसलो, ती आवाजाविना.

पण लिहिलं काय? "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून..." पानभर तेच. स्वतःचं एक वाक्य नाही. उद्या धनराज किल्ली न्यायला येतोय.

१६ नोव्हेंबर

धनराजनं किल्लीसाठी हात पुढे केला. आईनं लॅपटॉप ओढला. "किल्ली भेटणार नाई. मी उद्या माह्या घरी जातो."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "पाहा! तिले विचारलं असतं तर?"

आईनं पुन्हा बोटं चालवली आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

"तू तरी कुठी विचारलं? बॅग भर."