बसलेली इमारत

३ ऑक्टोबर

"इमारतीला वय विचारू नका, तिची चाल बघा," असं आमचे कॉलेजातले सर एकदा म्हणाले होते आणि सगळा वर्ग खोखो हसला होता. इमारत कुठे चालते? पुढे याच कामात अर्धं आयुष्य गेल्यावर कळलं, की ती चालत नसली तरी डोलते. वाऱ्याने, रस्त्यावरच्या ट्रकने, जिन्यात धावणाऱ्या पोरांनी. आपल्याला जाणवत नाही, यंत्राला जाणवतं. बुटकी इमारत भरभर डोलते, उंच इमारत सावकाश, आणि प्रत्येकीचा झोका तिचा स्वतःचा असतो. तो मंदावला, की ओळखायचं, बाई आतून कुठेतरी खिळखिळी झालीये.

तेच काम घेऊन आज इथे आले. काही वर्षांपूर्वी या शहराला भूकंपाचा मोठा धक्का बसला. तेव्हा दुरुस्त केलेल्या इमारती आता कशा उभ्या आहेत, ते मोजायचं. आईला बरोबर आणलंय. तिच्या उजव्या गुडघ्याने केव्हाच राम म्हटलाय, त्यामुळे जिना नको, एवढी एकच अट मी घातली होती. साहेबांनी तशी जागा शोधूनही ठेवली. साहेब म्हणजे इथल्या भूकंप केंद्राचे प्रमुख. भलताच गप्पिष्ट माणूस. लोक रस्त्यात अडवून विचारतात म्हणे, साहेब, पुढचा कधी? जसं काही भूकंप यांच्याकडे रजेचा अर्ज देऊन जातो. आईला ऐकू कमी येतं, तिला हा विनोद मी कानाशी ओरडून सांगितला. ती इतकी हसली, की साहेबांनी लगेच दुसरा सांगितला.

खूप दिवसांनी मला हलकं वाटतंय.

४ ऑक्टोबर

घर बघून मी लहान पोरीसारखी हरखले. आमचं दार हे मुळात दार नव्हतंच, ती गॅलरी होती! कठडा कापून तिथे दार बसवलंय. इमारत चार मजली होती. सगळ्यात खाली दुकानं, म्हणजे समोर भिंती नाहीत, नुसते खांब. अशा इमारतींचं हेच दुखणं असतं. जमीन हलली, की वरचे मजले पेटीसारखे एकत्र राहतात आणि सगळा भार खालच्या बारीक खांबांवर येतो. ते मोडले आणि वरचे तीन मजले सरळ खाली बसले. दुकानं गेली, पहिला मजला रस्त्याला टेकला. मागाहून खालच्या ढिगाऱ्यात राहिलेली पोकळी काँक्रीटने भरून टाकली. साहेबांनीच ते करवून घेतलं. पहाटेची वेळ होती, दुकानं बंद होती, असं ते म्हणाले.

घरमालकीणकाकू सगळ्यात वर राहतात. वय साठीच्या पुढे, अंगाने काटकुळ्या, आवाज इतका हळू, की आईला त्यांचे नुसते ओठ दिसतात. त्यांचे यजमान शिंपी होते. घरातल्या सगळ्या खुर्च्यांच्या पायांना कापडाच्या रंगीबेरंगी चिंध्या बांधल्यात. फरशीवर आवाज होत नाही. जाताना त्यांनी एकच सांगितलं, की घंटी वाजवा, हाका मारा, पण दारावर, भिंतीवर, कशावरही ठकठक करू नका. आई मागून म्हणाली, बाई चांगली आहे, पण तिला झोप पुरत नाही.

७ ऑक्टोबर

आज आमचीच इमारत मोजली. एक यंत्र गच्चीवर, एक मधल्या मजल्यावर, एक आमच्या खोलीत पलंगाशेजारी. डब्याएवढं असतं, पण मांजर चाललं तरी टिपतं. आईला सांगितलं, थोडा वेळ हलू नकोस. तिने तेवढ्यात भाजी निवडली, दोनदा उठून पाणी प्याली आणि वर मलाच म्हणाली, तुझा डबा फार नाजूक बाई, याच्याशी संसार कोण करणार. आलेखावर तिची पावलं स्वच्छ उमटली. एक ठसठशीत, एक ओढलेलं. आमच्या कामात याला गोंगाट म्हणतात आणि मोजणीआधी तो कापून टाकतात. कापताना उगीच वाईट वाटलं.

झोका मात्र जुळत नाही. खाली भरीव काँक्रीट, त्यावर तीन मजले, तर इमारतीने तीन मजल्यांसारखं डोलायला हवं. ही चार मजल्यांसारखी डोलते. खाली अजून दुकानं असल्यासारखी.

म्हणजे काँक्रीट नीट भरलेलं नाही, कुठेतरी पोकळ राहिलंय. वर माणसं राहतात. हे बघायलाच हवं.

९ ऑक्टोबर

आज ते करून बसले. करून बसले असं का लिहिलं, कळत नाही. आमच्यातलं कुणीही हेच करतं. पोकळ आहे का बघायचं तर हातोडीने हलकेच ठोकून कान द्यायचा. भरीव असेल तर खणखणीत वाजतं, पोकळ असेल तर बद्द. हाताला इतकी सवय झालीये, की काकूंचं बोलणं आठवलंच नाही. दुपारी खोलीच्या मधल्या फरशीवर तीनदा ठोकलं. खणखणीत. अगदी भरीव.

मग खालून तीनदा ठोकल्याचा आवाज आला.

पाइप असेल. पाण्याच्या पाइपातून असे आवाज येतात. मी दोनदा ठोकलं. खालून दोनदा आलं. मी हातोडी कपाटात ठेवली आणि चहा टाकला. साखर सांडली.

१० ऑक्टोबर

साहेबांना आलेख दाखवला. ठोके त्यात आहेत, सुईच्या टोकासारखे उभे. साहेबांनी फार वेळ बघितलंच नाही. पाण्याचा पंप असेल, गोंगाट आहे, कापून टाका, म्हणाले. मी म्हटलं, पंप मोजून उत्तर देत नाही हो. एरवी या वाक्यावर त्यांनी तीन विनोद केले असते. ते खिडकीकडे वळले आणि हळूच म्हणाले, कापा हो ते. मी पण कापलंय.

घरी आले तर आई अनवाणी उभी. इमारतीत कुणीतरी तिच्याशी बोलतंय, म्हणाली. तळपायाला कळतं.

११ ऑक्टोबर

काकूंना सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. त्या पायरीवर बसल्या, मलाही शेजारी बसवलं.

त्या पहाटे यजमान खाली दुकानात होते. लग्नाचे कपडे द्यायचे होते म्हणून लवकर उठून गेले होते. इमारत बसल्यावर सुटकेची माणसं आली. ती मधूनच सगळी यंत्रं बंद करतात, सगळ्यांना श्वास रोखायला सांगतात, दगडाने ठोकतात आणि ऐकतात. खाली कुणी जिवंत असेल तर तो ठोकतो. यजमानांनी ठोकलं. मग त्या माणसांनी काकूंच्या हातात दगड दिला, त्यांनी ठोकलं. आलोच, थांबा, असं त्यांच्या मनात होतं. खालून लगेच उत्तर आलं. पण वरच्या मजल्यांवरही माणसं अडकली होती आणि भिंतींना वरपर्यंत तडे जात होते. खाली खणलं असतं तर सगळंच कोसळलं असतं. साहेबांनी ठरवलं, की आधी खालची पोकळी भरायची, मग वरच्यांना काढायचं. काकूंना विचारलं. त्यांनी मान डोलावली. वरची सगळी माणसं जिवंत निघाली.

काँक्रीट ओतत होते तेव्हाही यजमान खालून ठोकत होते.

ठोकलं आणि उत्तर आलं, की शब्द दिल्यासारखं होतं गं, असं काकू म्हणाल्या. एकदा दिलेला मी मोडला. आता तू दिलास.

मी तिथे बसून मनातल्या मनात सगळा हिशोब पुन्हा केला. भार, तडे, वरची माणसं. साहेबांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. ते बरोबरच होतं. हे कळल्यापासून मला रडू आवरत नाहीये.

१३ ऑक्टोबर

आई ठोकते. मी कामावर गेले, की फरशीवर बसते आणि बोटांच्या पेरांनी ठोकते. पेरं सोलून निघालीत. मी ओरडले. ती शांतपणे म्हणाली, तुम्ही सगळे माझ्याशी नुसते ओठ हलवता, हा एकटा मला नीट ऐकू येतो. आणि तो बिचारा कधीपासून विचारतोय, कुणी येतंय का. मी म्हटलं, तू काय सांगितलंस? तिने माझ्या गालाला हात लावला. माणूस विचारतो तर काय सांगणार? येते म्हटलं.

उद्याच घर सोडायचं. साहेबांकडे दुसरी जागा मागते.

१४ ऑक्टोबर

सामान बांधलं. आई उठायला तयार नाही. हाताला धरून उठवायला गेले तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी लहानपणी खोटं बोलताना सापडले, की बघायची. एखाद्याला येते म्हणून सांगायचं आणि सामान घेऊन पळायचं, हे मी तुला शिकवलं का गं?

उद्या गाडी येईल. दोघींना उचलून नेईल. उद्या.

इमारत आता डोलतच नाही. तिन्ही आलेख सरळ रेघ. यंत्रं बदलून बघितली, ती ठणठणीत आहेत. रस्त्यावरून ट्रक जातात, वरची पोरं जिन्यात उड्या मारतात, तरी रेघ हलत नाही. श्वास रोखून ऐकत असल्यासारखी —

१५ ऑक्टोबर

गाडीवाल्याला आत बोलवायला गेले. रस्त्यापर्यंत. दार माझ्या डोळ्यांसमोर होतं, दुसरं दार नाही. परत आले तर आई नाही.

चपला पलंगाखाली. चष्मा उशीवर. फरशीला तडा नाही.

आलेखावर पावलं आहेत. पलंगापासून खोलीच्या मध्यापर्यंत. एक ठसठशीत, एक ओढलेलं. मग थांबली. मग पुढे — बारीक होत गेलेली, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, जशी ती जिना उतरते. इथे जिना नाही. या खोलीत कधी जिना नव्हता —

पुढे पावलं नाहीत. ठोके आहेत. दोन जणांचे.

पुन्हा १५

हातोडीने फरशी फोडली. खाली काँक्रीट. भरीव. नखं गेली.

साहेब आले. पाया पडले मी त्यांच्या. मशीन आणा, खणा. ते माझ्याशेजारी जमिनीवर बसले आणि रडले. म्हणाले, इथे खणलं तर वरचे मजले येतील. मी म्हटलं, माणसं बाहेर काढा वरची. म्हणाले, एका आलेखावर इमारत कोण रिकामी करेल, तुम्ही केली असती का?

नसती केली.

काकू माझं मनगट धरून बसल्यात. सोडत नाहीत. ठोकू नकोस, एवढंच म्हणतात. ती उत्तर देईल आणि मग तुला जन्मभर —

१६ ऑक्टोबर

काकूंना डुलकी लागली. ठोकलं.

आईने दिलं उत्तर. लगेच. वाटच बघत असल्यासारखं.

परत ठोकते. परत येतं. आता जरा उशिराने —

दमलीये ती —

काका, तुम्ही मला ओळखत नाही. मी त्यांच्यातलीच आहे, ज्यांनी खणू नका म्हटलं. कारणं सांगत बसत नाही, ती तुम्हाला माहीत आहेत. बरोबर होती आणि तरी तुम्ही ठोकत होतात. मला फक्त एवढंच मागायचंय. तिला वर पाठवा. तुम्हाला सोबत हवी, तर मी येते. तिच्या गुडघ्याला चढ झेपत नाही, जरा हाताला धरून, सावकाश. तुमचं आम्ही ऐकलं नाही. तुम्ही आमचं का ऐकाल, मला कळतं, नाहीच म्हणाल, तरी एकदा तिला —