लांब छडी

चंद्रकलाचे बाबा,

तुमी न्हाव्याकडं गेले अन् इकडं जावई मले घ्यायले आले. पोरीले कळा सुरू झाल्या, म्हणून मी उमरेडले चालली. वरणभात झाकून ठेवला आहे, गरम करून खाजा.

काल दुपारी तुमी झोपले होते तवा गॅरेजवाल्या ताराचंदभाऊनं तुमच्या पिकअपच्या मागच्या बंपरले वेताची छडी बसवून देली. तिले सायकलच्या ब्रेकची तार जोडली आहे. गाडी मागं घेताना छडी भिंतीले टेकली, का तुमच्या सीटमागं घंटी वाजते. आता मागं उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या, बस" म्हणायले मी घरी नाही. घंटी वाजली का थांबजा, उगाच जिद्द करू नका.

मी मागं उभी नसताना गाडीच्या धक्क्यानं तुळशीचा कट्टा पडला, तो ब्रेक लागला नाही म्हणून, असंच मी जावयाले सांगितलं. तुमच्या उजव्या डोळ्याचं नाव काढलं नाही. मी आल्यावर दोघं मिळून डॉक्टरकडं जाऊ.

छडी लांब आहे म्हणून कापू नका, जी. भिंत बंपरपासून हातभर दूर असतानाच घंटी वाजते, हे मले माहीत आहे. वर्षभरापासून मीही तवाच "बस" म्हणत आली.

गोपिका