गाठोडेवालीसाठी अकरा मिनिटं

चुडावा, गुरुवार

तीर्थस्वरूप दिनकरराव साडूभाऊ यांस, चुडाव्याहून काशीनाथचा (माजी शिक्षक, आणि परवापासून माजी मोटरमन) साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? राजेश्रीअक्कांची साखर उतरली का? इकडे हेमा ठणठणीत आहे. माझं विचारू नका. तुम्ही विचारणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून सगळं सांगतो.

आमची योगिनी नोकरीला कोचीला गेल्यापासून तिचा रोज फोन येतो. 'जेवलात का?' 'जेवलो.' 'ठेवू?' 'ठेव.' बापलेकीचं बोलणं एवढंच. मग उन्हाळ्यात आली तेव्हा तिनं जुन्या कॉम्प्युटरवर आगगाडीचा एक ऑनलाइन खेळ घालून दिला. कुठल्याशा परदेशी शहरातली चार डब्यांची विजेची गाडी, दारं आपोआप मिटणारी, कामावर जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांनी भरलेली. मी ती हाकायची आणि योगिनीनं कोचीत बसून सिग्नल द्यायचे, कारण ती त्या खेळात कंट्रोलर. साडूभाऊ, रोज सहा ते सात लेक कानात बोलायची! 'बाबा, पुढं पिवळा आहे, सावकाश.' 'बाबा, छान थांबवली.' (सदतीस वर्षं पोरांना शाबासकी वाटली, मला ही पहिलीच.) विघ्नं होतीच. गाडी परदेशातली असली तरी वीज चुडाव्याची. तिकडे येलदरीचं धरण काठोकाठ भरलेलं असो, इकडे लाईट गेली की परमुलखात चारशे माणसं बोगद्यात अडकायची. शेजारच्या सरजाबाई रोज खिडकीतून विचारायच्या, 'गुरुजी, ही जिंतूरला जाती का हो?' आणि हेमा ताट घेऊन उभी, 'भाकर गार व्हायलीय. तुमच्या त्या गाडीला ब्रेक न्हाई का?'

परवा घात झाला. गाडी फलाटाला लागली, दारं मिटायची वेळ झाली, तेवढ्यात एक बाई गाठोडं घेऊन लगबगीनं येताना दिसली. आता मी जन्मभर पॅसेंजरनं शाळेला ये-जा केलेला माणूस. पळत येणाऱ्या बाईला टाकून गाडी निघालेली मी एकदाच पाहिली आहे (आणि तेव्हा अख्ख्या डब्यानं, माझ्यासकट, गार्डाचा उद्धार केला होता). मी थांबलो. बाई फलाटाच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. वाटलं, बायकांचा डबा शोधत असेल. योगिनी कानात ओरडली, 'बाबा, निघा की! मागं नऊ गाड्या खोळंबल्यात, सगळे मला बोलायलेत.' म्हटलं, 'अगं, बाई येतेय.' 'ती बाई नाही बाबा, चित्र आहे. दिवसभर तसंच फिरतं.' म्हटलं, 'चित्राला गाठोडं कशाला दिलं मग?' अकरा मिनिटं थांबलो. दहाच्या वर गाडी अडवणारा कायमचा बाद, असा खेळाच्या मंडळाचा नियम आहे, आणि अहवाल लिहायचा कंट्रोलरनं. तिनं लिहिला. एक मिनिटही कमी दाखवलं नाही. खोटं लिहायचं नाही, हे तिला चौथीत मीच शिकवलं होतं. आता सहा वाजले की मी कॉम्प्युटर फडक्यानं पुसतो आणि उठतो. जरासुद्धा करमत नाही.

आपला,
काशीनाथ

ता. क. : खरं काम सांगायचं राहिलंच. खेळात एका मोबाइल नंबरावर एकच मोटरमन. माझा नंबर बाद झाला, तुमचा कोरा आहे. मी तुमच्या नंबरावर, तुमच्याच नावानं नव्यानं भरती होतोय. योगिनी आवाज ओळखेल, म्हणून बोलणार नाही, नुसतं ऐकेन. तुमच्या मोबाइलवर सहा आकड्यांचा ओटीपी येईल, तो कळवा. ओटीपी कुणालाही सांगू नका असं मीच तुम्हाला दिवाळीत बजावलं होतं, आणि तेव्हापासून तुम्ही माझाही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. ओटीपी दहा मिनिटांत मरतो म्हणतात, तेव्हा उलट टपाली पाठवा. तुमचं मानवत गाव काही फार लांब नाही.

आणखी ता. क. : हेमानं पत्र वाचलं. म्हणाली, 'असली सोंगं कशाला? लेक आहे आपली, सरळ फोन लावा अन् सांगा, करमेना म्हणून.' पटलं. आत्ताच लावला. 'जेवलात का?' 'जेवलो.' 'ठेवू?' 'ठेव.' तेव्हा ओटीपीचं विसरू नका.