श्रीरंगचे न आलेले दात

१० एप्रिल २०१९
श्रीरंग आज चार वर्षांचा झाला. तोंडात दोनच दात, तेही टोकदार! सासूबाई पुन्हा शेजारणीपुढं — "आमच्या घराण्यात असं कुणालाच नाय." म्हणजे माझ्याकडूनच!

२२ एप्रिल
नळाला सहा दिवस पाणी नाही.

२४ एप्रिल
दुपारी श्रीरंग तव्यासारखा तापला. ऊन वाढलं की याचं असंच — अंगाला घामच येत नाही! ओल्या फडक्यानं पुसावं तर ड्रम कोरडा. समोरच्या नव्या इमारतीत स्लॅबवर पाइपनं पाणी मारत होते. सिमेंटला पाणी, माझ्या लेकराला नाही! उचललं त्याला आणि पळाले. वॉचमन कडुबा आडवा आला, "बाई, आत येऊ नका, मालक वरडतील." मी श्रीरंगला त्याच्या हातातच दिलं. दचकला. "आरं द्येवा, लई तापलंय की!" पाइप त्यानंच ओढून आणला. बऱ्याच वेळानं पोरानं डोळे उघडले. मी तिथंच चिखलात बसून रडले.

३० एप्रिल
सुदर्शन आणि मी श्रीरंगला घेऊन दातांच्या कॉलेजात गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी एक्स-रे दाखवला — हिरडीत दातांचे कोंबच नाहीत! म्हणे दात आणि घामाच्या ग्रंथी, दोन्ही घडवायचा निरोप एकाच जनुकातून जातो. याच्यात तो पोचलाच नाही. आता छोटी कवळी बसवायची, जबडा वाढेल तशी बदलायची. "माझ्यामुळं झालं का?" विचारलंच शेवटी. "तपासावं लागेल. पण यात तुमचा गुन्हा नाही." रक्त देऊन आले.

२१ मे
रिपोर्ट आला. दोष माझ्याकडूनच. पुढं मुलगा झाला तर त्यालाही निम्मी शक्यता. रिक्षात सुदर्शननं श्रीरंगला माझ्या मांडीवरून स्वतःकडं घेतलं. सासूबाईंना काय सांगू?
मॅडम म्हणाल्या, तो निरोप नेणारं प्रथिन याच्यात बनत नाही; परदेशात ते बाळ पोटात असतानाच टोचून पाहिलंय. त्या बाळांना घाम आला, दातांचे कोंबही जास्त धरले. मी जवळजवळ ओरडलेच — "मग श्रीरंगला द्या ना!"
"त्याची वेळ गेली. ते जन्माआधीच द्यावं लागतं. आणि आपल्याकडं अजून मिळत नाही."
मग मला सांगितलंच कशाला!

६ जून
पाळी चुकून बारा दिवस झाले. आज किटवर दोन रेघा. सुदर्शनच्याही आधी मॅडमना फोन लावला — ते परदेशातलं टोचणं या बाळाला वेळेत कुठं मिळेल?